किरकोळीतली प्रार्थना

दहा आज्ञा पवित्र शास्त्रात आहेत. शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या घरात अकरा होत्या. अकरावी त्यांच्या बायकोची: कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही.

शिवणकाम चालतं त्या प्रत्येक घरात हा नियम असतो. कागदाने धार मरते, आणि धार मेलेली कात्री कापड कापत नाही, चावते. पण या घरात तो जेवणाआधी हात धुण्याइतका पक्का होता. कागदासाठी लाल मुठीची लहान कात्री वेगळी होती. कापडाची मोठी कात्री फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून मागच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असे. ती बायकोची स्वतःची. बाहेरच्या खोलीत दुकान आणि आतल्या दोन खोल्यांत संसार, अशा त्या घरात बाकी सगळं सामायिक होतं. कात्री तेवढी मास्तरसुद्धा विचारून घेत.

बायको जाऊन सात महिने झाले होते. त्या सोमवारी दुपारी मास्तरांनी कात्री खिळ्यावरून काढली. कारणही तसंच होतं. येत्या रविवारी त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तिच्या वतीने दिलेली वचनं आता ती चर्चमध्ये मंडळीसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने देणार होती. त्या दिवसासाठी पांढरं कापड बायकोने आजारी पडायच्या आधीच आणून ठेवलं होतं. मास्तरांना वाटलं, कापड तिने आणलं, तर कात्रीही तिचीच लागू दे.

टेबलावर कापड पसरलं, खडूने खुणा केल्या, कात्री लावली. वीतभर सरळ गेली आणि अडकली. कापड दोन पात्यांमध्ये दुमडलं, धागा ओढला गेला आणि पांढऱ्या कापडावर बोटभर लांब चुणी उमटली.

मास्तरांनी कात्री उजेडात धरली. टोकापासून तीन बोटांवर पात्याचा बारीक टवका उडाला होता.

घरात माणसं दोनच. आपण कात्रीला हात लावला नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. राहिली बॉबीन. मुलीला हे नाव आईने दिलेलं, लहानपणी ती एका जागी ठरत नसे, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी फिरत असे म्हणून. खरं नाव फक्त शाळेत लागायचं. आणि याच बॉबीनने मागच्या महिन्यात शाळेसाठी रंगीत कागदांचं अख्खं गाव करून नेलं होतं.

ती शाळेतून आली तेव्हा कात्री टेबलावर होती आणि मास्तर खुर्चीत.

“आईच्या कात्रीने कागद कापलास?”

“नाही.”

“मग हे काय आहे?”

तिने वाकून पाहिलं. “टवका आहे.”

“ते मला दिसतंय. कसा पडला?”

“मला काय माहीत, बाबा? मी ती खाली काढलीच नाही.”

“तुझं ते कागदाचं गाव कशाने कापलंस?”

“लाल कात्रीने.”

“तेवढं सगळं? त्या खेळण्याने?”

“चार दिवस लागले. अंगठ्याला फोड आला होता. तुम्ही पाहिला नाहीत.”

मास्तरांना हे उद्धटपणाचं वाटलं. “हे बघ, कात्रीचं मला काही नाही. धार लावून आणता येईल. पण खोटं मला चालणार नाही. रविवारी तू मंडळीसमोर उभी राहणार आहेस.”

“मी खोटं बोलत नाहीये.”

“शास्त्रातलं खरं बोलण्याविषयीचं वचन शंभर वेळा लिहून काढायचं. आणि कबूल करत नाहीस तोवर संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचं नाही.”

बॉबीन दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी होती. “बाबा, मी कापला असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग त्याची शिक्षा काय?”

“जा. वही घे.”

मास्तर दुष्ट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता. पण आपल्या घरांतून एक समजूत फार जुनी आहे. चूक सापडली की ती मुलाची असणार, कारण मोठ्यांना सगळं आठवतं. आपणही तपासून पाहावं, अशी शंका मास्तरांच्या मनाला शिवली नाही.

त्या संध्याकाळी सात वाजता ते एकटेच प्रार्थनेला बसले.

हे टेबल म्हणजे कापड बेतायचं टेबल. दिवसभर त्यावर कापड, संध्याकाळी प्रार्थना, मग जेवण. बायको होती तेव्हा सात वाजले की ती मशीनवर झाकण घालायची, टेबलावरचे धाग्यांचे तुकडे तळहाताने एका बाजूला सारायची आणि दोघांना हाक मारायची. मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी काढायचं तिला कधी आठवलं नाही. ती हात जोडायची तेव्हा दहा-पंधरा टाचण्यांची डोकी दिव्याखाली चमकायची. बॉबीन लहान असताना प्रार्थनाभर तीच मोजत बसायची.

बायकोची प्रार्थना दोन शब्दांनी सुरू व्हायची. आधी माझं.

“आधी माझं. देवा, आज दूध सांडलं म्हणून मी बॉबीनला ओरडले. तिने मुद्दाम सांडलं नव्हतं. मी दुपारपासून त्या कोटवाल्या बाईंवर चिडले होते, तो राग हिच्यावर निघाला. बॉबीन, मला माफ कर हं.”

मग बॉबीनची पाळी. पाच वर्षांची असताना ती एकदा म्हणाली, “आधी माझं. देवा, मी आज काहीच केलं नाही. पण उद्या करणार आहे.” त्या दिवशी आमेन म्हणायला बायकोला बराच वेळ लागला. ती हसत होती आणि हसू ओढणीत लपवत होती.

शेवटी मास्तर. त्यांची प्रार्थना ठरलेली. आम्ही सगळे चुकतो, आमच्या सगळ्या चुका पदरात घे, सगळ्यांना सुबुद्धी दे. आवाज भारदस्त, शब्द शुद्ध.

एकदा बायकोने जेवताना हटकलं होतं. “अहो, तुमची प्रार्थना म्हणजे ठोक मालाचं दुकान. सगळं गठ्ठ्याने. कधी किरकोळीत काही द्याल का?”

“देवाला सगळं माहीत असतं.”

“देवाला असतं हो. बॉबीनला कुठे असतं?”

त्यावर मास्तरांनी मीठ मागितलं होतं. ते त्यांना आता आठवलं आणि मीठ मागितल्याचं वाईट वाटलं. पण त्याचा आजच्या दिवसाशी काही संबंध आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बायको गेल्यावर प्रार्थना एक दिवसही चुकली नव्हती. घड्याळाचा काटा सातवर आला की मास्तर मशीन थांबवत. फक्त ‘आधी माझं’ कोणी म्हणत नव्हतं. मास्तर प्रार्थना करत ती बॉबीनविषयी. देवा, हिला अभ्यासाची गोडी लागू दे. देवा, हिला उलट बोलायची सवय लागते आहे, ती काढून टाक. दिवसा डोळे उघडे ठेवून जे बोलायचं, तेच संध्याकाळी डोळे मिटून. बॉबीन समोर बसून ऐकायची. मोजायला आता टाचण्याही नव्हत्या.

बुधवारी संध्याकाळी तिने वही टेबलावर ठेवली. “शंभर झाली.”

मास्तरांनी पानं उलटली. मोजली नाहीत. “आणि?”

“आणि काही नाही.” ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. बायकोची धाकटी बहीण, बॉबीनची मावशी. ती दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात परिचारिका होती.

“भावोजी, बॉबीनने काल मला शाळेतून फोन केला होता. शनिवारी न्यायला ये म्हणाली.”

“दोन दिवस राहायला? रविवारी तर तिचं...”

“कायमची राहायला. इथल्या शाळेत नाव घालता येईल का, विचारत होती. आणि रविवारी उभी राहणार नाही म्हणते.”

मास्तर बाजूच्या स्टुलावर बसले. “रागात बोलली असेल.”

“रागात बोलली असती तर मी तुम्हाला फोन केला नसता. शांतपणे बोलली. ताई बोलायची तशी.”

“तिने एकदा खरं सांगावं, विषय संपला.”

“आणि तिने खरं तेच सांगितलेलं असेल तर?”

“मग कात्री काय आपोआप फुटली?”

“कात्रीतलं मला कळत नाही, मी इंजेक्शनं देते. पण एक विचारू? ताई गेल्यापासून तुम्ही त्या पोरीला एकदा तरी म्हणालात का, माझं चुकलं म्हणून?”

“माझं काय चुकलं, ते तर सांग.”

“हेच ते, भावोजी. हेच.” आणि मग मऊ आवाजात, “मी शनिवारी दहाला येते. तिची इच्छा असेल तर घेऊन जाईन. तुम्हाला राग आला तरी चालेल.”

गुरुवारी मास्तर कात्री घेऊन धारवाले काकांकडे गेले. बाजाराच्या कोपऱ्यावर काकांचं धार लावायचं चाक होतं, पायाने फिरवायचं. काका सत्तरीचे. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसत आणि कोणाला झोप लागली की घसा खाकरून उठवत.

त्यांनी फ्लॅनेल उलगडलं आणि हात थांबवला. “ही तर बाईंची कात्री. दर सहा महिन्यांनी यायची. बाई धार लावून होईपर्यंत इथेच उभ्या, पोराला दवाखान्यात आणल्यासारख्या. दोनदा विचारायच्या, दुखणार नाही ना?” ते हसले, मग चष्मा पुसून पात्याकडे पाहू लागले. “अरेरे. काय कापलंत हिने?”

“मी नाही. मुलीने. कागद.”

“कोण म्हणतं कागद?”

“दुसरं काय असणार?”

“मास्तर, सुईदोऱ्यातलं तुम्ही सांगा, मी ऐकेन. पात्यातलं मी सांगतो. कागदाने धार बोथट होते. सगळीकडून, हळूहळू. टवका उडत नाही. हे कडक काहीतरी आहे. तार किंवा टाचणी. एकदाच, आणि भलत्या जोराने.” त्यांनी स्वतःचा अंगठा आणि बोटं मिटून दाखवली. “तेही इतकं टोकाजवळ. इथे टाचणी तोडायची तर मनगट मोठ्या माणसाचं हवं. तुमच्या त्या काडीएवढ्या पोरीच्या हातात एवढा जोर कुठला? घरात दुसरं कोण असतं?”

“मी.”

काकांनी चाकावर पाय ठेवला, पण फिरवलं नाही.

“मला काही आठवत नाही,” मास्तर म्हणाले.

“नसेल आठवत. तिला काय म्हणालात?”

मास्तरांनी सांगितलं. शंभर वेळा लिहायला लावलं तेही, प्रार्थना बंद केली तेही, शनिवारचंही. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला.

काकांनी शेजारचं खोकं पुढे सरकवलं. “बसा. माझा मुलगा बोटीवर आहे, ठाऊक आहे ना? दर रविवारी फोन करतो. काय बोलतो सांगू? हवा. तिकडे वारा आहे, इकडे ऊन आहे. पंधरा वर्षं आम्ही बापलेक हवामान खातं चालवतोय.”

“कामात असेल.”

“कामात नाही. तो सोळा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाची सुरी हरवली. मी या इथे, चार लोकांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. संध्याकाळी सुरी गोणपाटाखाली सापडली. मी काय केलं? सुरी जागेवर ठेवली आणि गप्प बसलो. बाप ना मी. दुसऱ्या दिवशी त्याला नवे बूट आणले. त्याने घातले. पण तो कशाची वाट बघतोय, ते मला कळत होतं, मास्तर. दोनच शब्द होते. त्यांना काही धार लावायची नव्हती.”

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ती जाईपर्यंत मास्तर थांबले.

“बापाने मुलापुढे माफी मागायची म्हणजे धाक काय राहिला? उद्या डोक्यावर बसतील.”

“कोण बसलंय माझ्या डोक्यावर? बसला असता तर बरं झालं असतं. निदान जवळ असता.” काकांनी कात्री मांडीवर घेतली. “आपण देवाला बाप म्हणतो. का म्हणतो, कधी विचार केलात? मुलाला देव पहिल्यांदा दिसतो तो बापाच्या चेहऱ्यात. तुम्ही रोज संध्याकाळी क्षमा, क्षमा म्हणता. ती मागायची कशी, हे तिने कोणाकडे बघून शिकायचं? आधी आई दाखवायची. आता?”

काकांनी चाक सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. काम झाल्यावर त्यांनी पातं चिंधीने पुसलं.

“टवका घासून काढलाय. पातं केसभर कमी झालं, पण कापेल. आणि तोडलेली टाचणी कुठे तरी असेल बघा. झाडूत गेली नसेल, तर जिथे होती तिथेच.”

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मास्तर पुन्हा एकटे बसले. आतल्या खोलीत बॉबीन कपाट उघडत होती, कपड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होती. दारातून प्रत्येक आवाज येत होता.

त्यांनी शास्त्र उघडलं. रोज ते खुणेच्या फितीपाशी उघडत. आज त्यांना बायकोला आवडणारा भाग वाचावासा वाटला, पार शेवटाकडचं एका शिष्याचं छोटंसं पत्र. पानं उलटताना मध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण लागलं. बायकोच्या निधनाची बातमी. चार ओळी आणि तिचा फोटो. कात्रणाच्या वरच्या कोपऱ्यात अर्धी टाचणी अडकलेली होती. डोक्याची बाजू होती, टोकाची नव्हती. भोवती गंजाचा तांबूस डाग पानावर उतरला होता.

मास्तरांनी कात्रण उजेडात धरलं. मग एकेक गोष्ट परत आली. दफनानंतरचा तिसरा दिवस. घर माणसांनी भरलेलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी वर्तमानपत्र पाठवलं होतं, त्या बातमीवर दोन ओळींची चिठ्ठी टाचणीने लावून. कोणी त्या पेपरात काही बांधून नेईल, अशी त्यांना धास्ती वाटली. लाल कात्री सापडेना. ते मागच्या खोलीत गेले आणि खिळ्यावरची कात्री काढली. विचारायला कोणी नव्हतं. कापताना एका ठिकाणी हात अडला. डोळ्यांत पाणी होतं, काही दिसत नव्हतं. त्यांनी जोराने मूठ दाबली. मग कात्री नीट फ्लॅनेलमध्ये गुंडाळून परत टांगली.

अकरावी आज्ञा त्यांनीच मोडली होती.

आणि आता लपवून काय सांगायचं? त्यांच्या मनात पहिला विचार चांगला आला नाही. अर्धी टाचणी केरात टाकली तर कोणाला कळणार होतं? उद्या सकाळी मुलीला म्हणता येईल, जाऊ दे, मी तुला माफ केलं. तीही सुटेल, आपणही सुटू, आणि मोठेपणा पदरात पडेल तो वेगळाच. इतकी किरकोळ गोष्ट.

किरकोळ हा शब्द मनात आला आणि त्यांचा हात थांबला. बॉबीनला कुठे असतं? बायको त्या दिवशी जेवताना म्हणाली होती. तिचा आवाज त्यांना इतका जवळून ऐकू आला की त्यांनी मान वळवली.

ते उठून बॉबीनच्या दारापर्यंत गेले. हात वर केला. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ते तसेच परत फिरले.

शनिवारी मावशी दहाला आली. बॅग दाराशी तयार होती. मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि टेबलावरचे धागे तळहाताने बाजूला सारले.

“निघायच्या आधी प्रार्थना करू.”

“मला बसायची परवानगी नाही,” बॉबीन म्हणाली.

“तुला आहे. कोणाला नसलीच, तर मला नाही. बस, बाळ.”

बाळ हा शब्द त्या घरात बरेच महिने कोणी वापरला नव्हता. बॉबीन बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. मावशीने पर्स मांडीवर ठेवून डोळे मिटले.

मास्तरांनी सवयीने सुरुवात केली. “देवा, आम्ही सगळे चुकतो...” आणि वाक्य तिथेच सोडलं. मग ते म्हणाले, “आधी माझं.”

मावशीने डोळे उघडले. बॉबीनने मिटलेच नव्हते.

“देवा, मी तिच्या आईच्या कात्रीने कागद कापला. त्यात टाचणी होती, ती तोडली. कात्रीचा टवका माझ्या हाताने उडाला आणि मी ते विसरलो. मग मी बॉबीनला खोटी ठरवलं. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, मी ऐकलं नाही. तिच्या अंगठ्याला फोड आला होता, तो मी पाहिला नाही. तिची प्रार्थना बंद केली. ती बंद करणारा मी कोण? आणि तिची आई गेल्यापासून मी रोज डोळे मिटून या मुलीला ओरडत आलोय आणि त्याला प्रार्थना म्हणत आलोय.” ते थांबले. पुढचं देवाला सांगायचं नव्हतं. त्यांनी डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. “बॉबीन, माझं चुकलं. मला माफ कर.”

त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं.

बॉबीनने आधी टाचणीला बोट लावलं. मग फोटोकडे पाहिलं. “हे तुम्ही कापून ठेवलं होतं?”

“हो.”

“मी शोधत होते हे. तो पेपरच सापडला नाही. मला वाटलं, कोणीतरी टाकून दिला.” तिचा आवाज फुटला. “मला का नाही दाखवलं?”

“तुला त्रास होईल असं वाटलं.”

“मला न दाखवल्याचा झाला.”

“हो. तेही माझंच.”

ती रडली. मास्तरांनाही आवरलं नाही. सात महिन्यांत बापलेक एकमेकांसमोर पहिल्यांदा रडत होते. इतके दिवस दोघंही दुसऱ्याला त्रास नको म्हणून आपापल्या खोलीत रडत आले होते. मावशी उठून पाणी आणायला गेली आणि पाणी घेऊन यायला तिने मुद्दाम वेळ लावला.

ती आली तेव्हा बॉबीन नाक पुसत विचारत होती, “मग तुम्ही किती वेळा लिहायचं?”

“तू सांग.”

तिने विचार केला. “एकदा. पण अक्षर चांगलं काढायचं.”

मावशीला हसू आलं आणि पेल्यातलं पाणी सांडलं. “ही ताईचीच आहे हो,” ती म्हणाली. “बोल बाई, बॅग उचलू की ठेवू?”

“राहू दे तिथेच. आज नको. तू उद्यापर्यंत थांब ना.” मग बॉबीन वडिलांकडे वळली. “कापड कुठे आहे?”

मास्तरांनी पांढरं कापड काढून चुणी दाखवली. “हे खराब झालं. बाजार उघडा आहे, दुसरं आणतो.”

“नको. आईने आणलेलं हेच आहे.”

“मग चुणी आतल्या दुमडीत घेतो, दिसणार नाही.”

“दिसू दे, बाबा. मला माहीत आहे ती कशी पडली.”

दिवसभर तिघं कामाला लागली. कात्री आता सुरळीत चालली. मास्तर मशीनवर, मावशी इस्त्रीवर. मावशीने एक बाही उलटी इस्त्री केली आणि वर म्हणाली, दवाखान्यात असंच करतात. बटणांची काजं बॉबीनने हाताने केली, आईने शिकवली होती तशी, टाका मोजत. मनगटाला आईची टाचण्यांची गादी बांधून.

रविवारी ती मंडळीसमोर उभी राहिली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने न अडखळता दिली. उजव्या बाजूला कमरेजवळ बोटभर चुणी होती. ती कोणाच्याच लक्षात आली नाही, मागच्या बाकावरच्या एका माणसाखेरीज. बाहेर पडताना धारवाले काकांनी मास्तरांना गाठलं.

“काय, हवामान कसं आहे?”

“मोकळं झालंय, काका.”

“छान.” काकांनी टोपी हातात फिरवली. “आज त्याचा फोन येईल चारला. बघतो, मीही आज वाऱ्याबिऱ्याचं सोडून दुसरं काही बोलतो का ते.”

त्या संध्याकाळी सात वाजता टेबलाशी तिघं बसली. मावशी सकाळच्या गाडीने जाणार होती. तिची बॅग दाराशी होती, बॉबीनची आत गेली होती.

“आधी माझं,” बॉबीन म्हणाली आणि जरा थांबली. “देवा, मी ते वचन शंभर वेळा लिहिलं असं बाबांना सांगितलं. ब्याण्णवच होती. ते मोजणार नाहीत हे मला माहीत होतं.”

मास्तरांनी डोळे उघडले. खरं बोलण्याविषयीचं वचन, आणि त्यातच आठांची चोरी. त्यांना हसू आलं. त्यांच्या बायकोला यायचं तसं, आवरता न येणारं.

“उरलेली आठ लिहू का?” बॉबीनने विचारलं.

“वाटून घेऊ. चार तू, चार मी.”

दोघांनी त्याच टेबलावर, एकाच वहीत ती लिहिली. मास्तरांचं अक्षर काही चांगलं आलं नाही.

बंधुभगिनींनो, वडिलांनी आपली चूक लपवली असती, तर मुलीनेही आपली चूक कधीच सांगितली नसती. शंभर ओळींनी तिच्याकडून जे निघालं नाही, ते वडिलांच्या दोन शब्दांनंतर आपणहून निघालं. आपण मुलांना प्रार्थना शिकवतो, वचनं पाठ करून घेतो, रविवारी स्वच्छ कपडे घालून चर्चला नेतो. हे सगळं करावंच. पण क्षमा म्हणजे काय, हे मूल घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून शिकतं, जेव्हा तो मोठा माणूस त्याच्याकडे बघून म्हणतो, माझं चुकलं. देवाला आपल्या चुका गठ्ठ्याने सांगून भागत असेल. मुलांना मात्र त्या एकेक करून, किरकोळीत सांगाव्या लागतात. आज सांगा. समोरच्या खुर्चीवर मूल बसलेलं आहे, तोवर सांगा.